पाला वाळल्यानंतर

पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत बटाट्याचे दोन हंगाम होतात. सातगाव पठारावर तो पावसाच्या भरवशावर जून-जुलैत लावतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. पठाराखाली विहिरी-कालव्याच्या पाण्यावर रब्बीचा बटाटा होतो. त्याची लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, काढणी जानेवारी-फेब्रुवारीत. वाद असतो तो या रब्बीच्या शेवटच्या टोकाबद्दल. बरेच शेतकरी जानेवारीतच रान मोकळं करतात. काही जण मात्र फेब्रुवारी संपेपर्यंत, क्वचित मार्च उजाडेपर्यंत बटाटा जमिनीत राहू देतात. अशा उशिरा काढायच्या बटाट्याला वाण कोणता घ्यावा?

माझे मामा आंबेगाव तालुक्यात विहिरीच्या पाण्यावर बटाटा करत आले आहेत. माझी मावसबहीण, म्हणजे त्यांची भाची, कृषी पदवीधर आहे आणि एका शेतकरी गटाचं काम बघते. बेणं घ्यायच्या दिवसांत दोघांची यावरून चांगलीच जुंपली. मामांना सगळा बटाटा लवकर काढायचा होता आणि भाचीला अर्धं रान उशिरापर्यंत ठेवायचं होतं. दोघांनीही जे मांडलं ते वजनदार होतं, म्हणून त्यांच्याच तोंडून देतो. मधे मधे माझं म्हणणं आहे, आणि शेवटी निवाडाही माझाच आहे.

मामा : मला विचारशील तर पुखराज. पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत काढायला येतो. बेण्याच्या एका पिशवीला दहा-बारा पिशव्या उतारा पडतो. जानेवारीत रान रिकामं, की लगेच उन्हाळी भुईमूग नाहीतर बाजरी. विहिरीला फेब्रुवारीनंतर किती पाणी राहतं ते तुला माहीत आहे. ते बटाट्यावर का घालवायचं?

भाची : पुखराजला मी नावं ठेवत नाही, मामा. १९९८ साली तो आला आणि बघता बघता देशभर पसरला, ते उगाच नाही. लवकर काढायचा असेल तर त्याच्या तोडीचे थोडेच. पण आपण बोलतोय ते उशिराच्या काढणीबद्दल. ज्याचा पाला नव्वद दिवसांच्या आत खाली बसतो, त्याला एकशेदहा दिवस जमिनीत ठेवून काय मिळणार? पाला गेला की बटाट्याचं पोसणं थांबलं. त्यानंतर तो मातीत नुसता श्वास घेतो आणि आपलंच वजन खर्च करतो.

मामा : मग मी तरी काय म्हणतोय? ठेवूच नये.

भाची : पुखराज ठेवू नये, असं म्हणा. ज्याला मुळातच जास्त दिवस लागतात असा वाण घेतला तर त्याचा पाला तोवर हिरवा असतो आणि खाली भरणी चालू असते.

इथे थोडं थांबायला हवं. आपल्याकडच्या गप्पांत दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जातात. एक, वाण स्वतः किती दिवसांत पिकतो. दुसरी, आपण तो कोणत्या तारखेला उपटतो. लवकर पिकणारा वाण उशिरा काढला तर तो उशिराचा वाण होत नाही. तो फक्त जास्त दिवस मातीत पडून राहिलेला बटाटा असतो. आणि उशिरा पिकणारा वाण लवकर काढला तर साल कोवळी, वजन अपुरं आणि पोतं हाताळतानाच सालपटं निघालेली. या दोन तारखा जुळवणं हेच वाण निवडण्याचं खरं काम आहे. भाचीचा मुद्दा इथपर्यंत बिनतोड होता. तिथून ती पुढे गेली आणि मामांनी तिला अडवलं.

भाची : सिंदुरी घेऊन बघू. कुफरी सिंदुरी, १९६७ची. लाल सालीची, एकशेदहा ते एकशेवीस दिवसांची. बिहार, उत्तर प्रदेशात लोकांनी वर्षानुवर्षं लावली. टिकते चांगली. उशिराच्या काढणीला यापेक्षा काय हवं?

मामा : बिहारात थंडी किती दिवस असते आणि आपल्याकडे किती? तिकडं ऑक्टोबरअखेर लावला तर फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत रात्री गार असतात. आपली खरी थंडी नोव्हेंबरच्या मध्यावर धरते आणि संक्रांत झाली की उतरायला लागते. एकशेवीस दिवसांचा बटाटा मी वीस नोव्हेंबरला लावला तर तो वीस मार्चला तयार होणार. शेवटचा महिना ज्या उन्हात जाईल त्या उन्हात बटाटा पोसत नाही. पाला टवटवीत दिसतो, खाली वाढ नाही.

भाची : पाणी दिलं तर माती गार राहते.

मामा : वरची गार राहते. रात्र गार करायला कुणाकडं पाणी आहे?

मामांनी एका वाक्यात जे सांगितलं ते बटाट्याच्या शास्त्राचं मर्म आहे. बटाटा हे मुळात अँडीज पर्वतातलं, गार रात्रींचं पीक. रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असेल तेव्हा तो उत्तम धरतो आणि पोसतो. रात्री २० अंशांच्या वर गेल्या की पानांत तयार झालेलं अन्न खाली कंदात उतरण्याऐवजी पाला वाढवण्यात आणि श्वसनात जातं. उन्हाळा आणखी चढला तर धरलेल्या बटाट्यालाच कोंब फुटतात, त्यावर दुसरी गाठ येते आणि वेडेवाकडे, मानेत आवळलेले बटाटे निघतात. बाजारात ते बाजूला काढले जातात. युरोपात उशिरा पिकणारे वाण सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात, तेव्हा हंगाम थंडीकडे झुकलेला असतो. आपला हंगाम उन्हाकडे झुकतो. तिथलं गणित इथे लावून चालत नाही.

म्हणून सिंदुरीबद्दल मी मामांच्या बाजूचा आहे. गंगेच्या खोऱ्यात ती शोभते. आपल्या भागात तिला लागणारे गार दिवस पुरेसे मिळत नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावली तर सुरुवातीला उष्मा भोगते आणि नोव्हेंबरअखेर लावली तर शेवटाला. दोन्हीकडून दिवस कमी पडतात.

भाचीने हे मान्य केलं, पण मुद्दा सोडला नाही. तिने सिंदुरी बाजूला ठेवून ज्योतीचं नाव काढलं.

भाची : मग कुफरी ज्योती. नव्वद ते शंभर दिवस. एक नोव्हेंबरच्या आत लावली तर दहा फेब्रुवारीपर्यंत पाला उतरतो. तिथून दहा-पंधरा दिवस साल पक्की व्हायला. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात काढणी. गार दिवस वाया जात नाहीत आणि बटाटा पूर्ण पिकून निघतो.

मामा : ज्योती आमच्या वडिलांच्या वेळची.

भाची : १९६८ची. त्याच वर्षी चंद्रमुखी आली. चंद्रमुखी चवीला चांगली, पण लवकरची आणि उशिराच्या करप्याला लगेच बळी पडणारी. ज्योती आली तेव्हा करपा बराच सोसायची. आता तो गुण गेला, हे मी कबूल करते. पण तिचा दुसरा गुण शिल्लक आहे. माव्यातून येणाऱ्या विषाणूंनी बेणं वर्षागणिक खराब होत जातं, ते ज्योतीत सावकाश होतं. म्हणून इतके नवे वाण येऊनही ती डोंगरात आणि पठारावर टिकून राहिली.

मामा : उताऱ्यात पुखराज तिला मागं टाकतो.

भाची : पोत्यांच्या संख्येत टाकतो. पोत्यात काय आहे ते बघा. पुखराजात पाणी जास्त. पाणी सोडून जो ऐवज उरतो, ज्याला ड्राय मॅटर म्हणतात, तो त्यात कमी आहे. म्हणूनच वेफर्सवाले त्याला हात लावत नाहीत.

मामा : बाजार समितीत काट्यावर ड्राय मॅटर कुणी मोजत नाही. काटा वजन दाखवतो.

या वाक्याला उत्तर सोपं नव्हतं, आणि खरं तर ते भाचीने दिलंच नाही. ते मामींनी दिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

मामी : काटा दाखवत नसेल, कढई दाखवते. होळी झाली की आम्ही वाळवणाला लागतो. कीस, वेफर्स, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या. तुमचा जानेवारीतला पुखराज किसला की पाणीच पाणी. परातीत कीस निम्मा भरतो आणि वाळल्यावर मूठभर उरतो. पाला वाळल्यावर काढलेला बटाटा घेतला तर कीस पांढरा राहतो, तळला की फुलतो. कोवळ्या बटाट्याचा कीस तळताना लाल होतो, ते पाहुण्यांपुढे ठेववत नाही. पुण्यातल्या माझ्या जावा दरवर्षी किसाचा बटाटा माझ्याकडून मागून घेतात, तो ह्यांच्या पुखराजासाठी नव्हे.

मामींचं म्हणणं आकड्यांत मांडलं तर असं होतं. दहा किलो बटाट्यात ड्राय मॅटर १६ टक्के असेल तर पाणी उडाल्यावर १ किलो ६०० ग्रॅम ऐवज उरतो. २१ टक्के असेल तर २ किलो १०० ग्रॅम. सालीचं वजन सोडून दिलं तरी दहा किलोमागे अर्ध्या किलोचा फरक पडतो. वाळवण घालणाऱ्या घराला आणि विकायला कीस करणाऱ्या बचत गटाला हा फरक थेट पैशात दिसतो. तळताना लाल होण्याचं कारण साखर. बटाटा अपुरा पिकलेला असेल तर त्यात साखरेचं प्रमाण जास्त राहतं. तो शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवला तर थंडीने स्टार्चची साखर होते. कारण कोणतंही असो, गरम तेलात ती साखर करपते आणि काप तपकिरी होतो. म्हणूनच मे महिन्यात शीतगृहातून आलेल्या बटाट्याचे वेफर्स काळपटतात, आणि शेतात पूर्ण पिकून सावलीत राहिलेल्या बटाट्याचे पांढरे निघतात.

उशिराच्या काढणीला आपल्या भागात खरं गिऱ्हाईक कुठलं असेल तर हे वाळवणाचं आहे, असं माझं मत मामींमुळे झालं. कृषी खात्याच्या पत्रकांत वाणांचे तक्ते असतात, त्यात दिवस असतात, हेक्टरी टन असतात. मार्च ते मे या काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत बटाटा किसला जातो ही गोष्ट त्या तक्त्यांत कुठेच नसते.

मामा मात्र इतक्यात मानणार नव्हते.

मामा : वाळवणाला किती जाईल? चार पोती, दहा पोती. बाकीचं मार्चमध्ये घेऊन मंचरला गेलो तर तिथं कोण उभं आहे? इंदूरचा माल, गुजरातेत डीसाकडचा माल, आग्र्याचा माल. सगळ्या उत्तरेची काढणी त्याच दिवसांत. भाव तेव्हाच बसतो.

भाची : बरोबर. म्हणून मार्चमध्ये विकायचा नाही. आरण लावायची.

मामा : आरणीत पाकोळी.

भाची : पाकोळी आरणीत जन्माला येत नाही, मामा. ती शेतातून आत येते.

या मुद्द्यावर दोघं सर्वांत जास्त वेळ बोलले आणि मला तो भाग सगळ्यांत मोलाचा वाटला. आरण म्हणजे झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत, जमिनीवर किंवा उथळ खड्ड्यात लावलेला बटाट्याचा ढीग. वर वाळलेल्या पाल्याचं, गवताचं जाड पांघरूण. खेड-आंबेगावात शीतगृह नसलेला शेतकरी उन्हाळ्यात दोन-तीन महिने बटाटा असाच सांभाळत आला आहे. आरणीचा मोठा शत्रू पाकोळी, म्हणजे बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग. ही किडीची जात आपल्याकडची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई बंदरात इटलीहून बेण्याचा बटाटा यायचा. १९०६च्या सुमाराला त्याच्याबरोबर ही पाकोळी आली आणि इथल्या उष्ण हवेत तिचं बस्तान बसलं. राजगुरुनगरला केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं केंद्र होतं, ते याच भागाच्या बटाट्यासाठी.

मामा : मी सांगतो कशी येते. पाणी तोडलं की काळ्या रानाला भेगा पडतात. वरंब्याची माती खाली बसते, बटाट्याचं डोकं उघडं पडतं. पाकोळी संध्याकाळी त्या भेगेतून जाऊन डोळ्याजवळ अंडी घालते. वरून काही दिसत नाही. आरण उघडली की काळी विष्ठा आणि पोखरलेला बटाटा. जितके दिवस जास्त ठेवशील तितकी ती जास्त. ऊन वाढलं की तिची पिढीही लवकर तयार होते.

भाची : म्हणून उशिरा काढायचा असेल तर काळं रान नको, मध्यम निचऱ्याचं घ्या. आणि भर दोनदा लावा. दुसरी भर चांगली जाड. बटाटा खोल धरतो की वरवर, हेही वाणावाणात वेगळं असतं. वरवर धरणारा वाण उशिरापर्यंत ठेवायचाच नाही.

मामा : आणि काढल्यावर ढिगावर बटाट्याचाच पाला टाकतात, ते आधी बंद करा.

भाची : अगदी बरोबर. त्या पाल्यात अळ्या असतात. पाला वाळला की त्या खाली बटाट्यात उतरतात. त्याऐवजी घाणेरीचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कडुलिंबाचा. घाणेरीने पाकोळी कमी होते हे प्रयोगांतही दिसलंय.

मामा : आमची आई लिंबाचाच पाला घालायची.

इथे दोघं एका बाजूला आले. काढणीच्या आधी काय करायचं यावरही त्यांच्यात फरक नव्हता. पाला कापण्यापूर्वी दहा-बारा दिवस पाणी तोडायचं, तो जमिनीलगत कापून शेताबाहेर न्यायचा, मग आणखी दहा-पंधरा दिवस बटाटा मातीतच राहू द्यायचा. एखादं रोप उकरून बटाट्यावर अंगठा जोरात फिरवायचा. साल सरकली नाही तर नांगर लावायचा. नांगर सकाळी लवकर, वेचणी ऊन चढायच्या आत, आणि वेचलेला माल उघड्यावर ठेवायचा नाही, कारण प्रकाशात तो हिरवा पडतो आणि हिरवा बटाटा कडू व विषारी असतो. वाण कितीही चांगला असला तरी या पंधरा दिवसांत हलगर्जी झाली तर त्याचा गुण उरत नाही.

मग चिप्सोनाचा विषय निघाला. तो मामांनीच काढला.

मामा : उशिराच काढायचा तर चिप्सच्या कंपनीचा का करू नये? पठारावर कितीतरी जण करतात. बेणं तेच देतात, भाव आधी ठरलेला.

भाची : त्यांना हवा असतो तो पूर्ण पिकलेलाच बटाटा. कुफरी चिप्सोना-१ आणि २ हे १९९८चे, चिप्सोना-३ त्यानंतरचा. ड्राय मॅटर २० टक्क्यांच्या वर, साखर अगदी कमी. शंभर दिवसांच्या पुढे जातो, आणि घाई केली तर साखर उतरत नाही, काप लाल येतात. उशिरा काढण्याचा मोबदला जर कुठल्या वाणात हमखास मिळत असेल तर तो यात.

मामा : हमखास नको म्हणूस. आपल्या वस्तीवरच्या एकाचा अख्खा ट्रक परत आला होता. रंग बसत नाही म्हणाले. तो माल मग त्यानं खुल्या बाजारात मिळेल त्या भावाला दिला. आणि गुजरातेत काय झालं ते पेपरात आलं होतं की.

गुजरातेतलं प्रकरण असं. पेप्सिको कंपनीने २०१९ साली तिथल्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले. एफएल २०२७ हा आपला नोंदणीकृत चिप्सचा वाण त्यांनी परवानगीशिवाय लावला, असं कंपनीचं म्हणणं होतं. देशभरातून विरोध झाल्यावर कंपनीने त्याच वर्षी दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये वाण संरक्षण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचं बेणं ठेवण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क दिलेला आहे. हे प्रत्येक बटाटा उत्पादकाला माहीत असलं पाहिजे. चिप्सोना हे वाण सरकारी संस्थेचे आहेत, कंपन्यांचे वाण वेगळे. करार करण्याआधी आपल्या रानात नेमका कोणता वाण जाणार आहे ते कागदावर लिहून घ्यावं.

भाची : करार चांगला की वाईट हा माझा मुद्दा नाही. विकत घेणारा आधी ठरलेला नसेल तर चिप्सोना लावू नका, एवढंच. खुल्या बाजारात त्याला ज्योतीपेक्षा वेगळा भाव मिळत नाही.

मामा : आणि ज्यानं लावणीलाच उशीर केला त्यानं काय करायचं? कांदा निघायला उशीर झाला, रान नोव्हेंबरच्या शेवटी मोकळं झालं. आमच्याकडं दर दोन वर्षांनी असं होतं.

भाची : त्याला सूर्या.

मामा : कुफरी सूर्या? तो तर लवकर लावणीचा म्हणतात.

भाची : उष्णता सोसतो म्हणून लवकर लावता येतो. पण ऊन सप्टेंबरचं असो की मार्चचं, बटाट्याला सारखंच. २००६ साली तो आला. रात्री २० अंशांच्या वर गेल्या तरी धरतो. आणि त्याची आई कोण माहीत आहे? कुफरी लवकर. १९७२ साली आपल्या या दख्खनच्या पठारासाठी काढलेला वाण. त्याचा एलटी-१ या उष्णता सोसणाऱ्या वाणाशी संकर करून सूर्या काढला.

मामा काही क्षण गप्प राहिले. कुफरी लवकर त्यांनी लहानपणी स्वतःच्या रानात पाहिला होता. भाचीने दिलेल्या सगळ्या पुराव्यांत हा त्यांना सर्वांत जवळचा वाटला असावा.

करप्याबद्दल बोलणं झालं ते थोडक्यात. रब्बीत हवा कोरडी असते, त्यामुळे उशिराचा करपा खरिपाइतका भीषण येत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत ढग आणि धुकं सलग राहिलं तर तोही पाला जाळतो. जास्त दिवसांचा वाण म्हणजे या धोक्यात जास्त दिवस उभं राहणं. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर जो दुष्काळ पडला त्याचं मूळ हाच रोग, आणि तिथे बहुतेक गरीब माणसं लंपर नावाच्या एकाच वाणावर जगत होती. पूर्ण रानात एकच वाण लावू नये, हे दोघांनीही म्हटलं.

आता माझा निवाडा. मामांचं हे खरं की उशिरा पिकणारा वाण आपल्या भागात उशिराच्या काढणीला चालत नाही, कारण आपला हंगाम उन्हात संपतो. भाचीचं हे खरं की लवकरचा वाण जमिनीत रेंगाळत ठेवणं म्हणजे हाती आलेलं वजन मातीत घालवणं. दोन्ही एकत्र धरलं तर उत्तर मधल्या मुदतीच्या वाणाकडे येतं आणि त्याहून आधी लावणीच्या तारखेकडे. फेब्रुवारीअखेर काढायचा बटाटा एक नोव्हेंबरच्या आत जमिनीत गेला पाहिजे. शीतगृहातून आलेलं बेणं आठ-दहा दिवस सावलीत पसरून, आखूड, जाड मोड आणूनच लावलं पाहिजे, म्हणजे उगवण लवकर होते आणि थंडीचे दिवस हाती लागतात. अशा रानात ज्योती. विकत घेणारा लेखी ठरलेला असेल तर चिप्सोना. रान नोव्हेंबरच्या शेवटी मोकळं झालं तर सूर्या, आणि तोही पाला बसला की थांबू नये. पुखराज लावावा, भरपूर लावावा, पण तो जानेवारीत काढून मोकळं व्हावं. पाणी फेब्रुवारीत संपणार असेल तर उशिराच्या काढणीचा विचारच करू नये. मामांच्या विहिरीचं पाणी दोन्ही रानांना पुरणारं नाही, म्हणून त्यांनी यंदा पाव भागच ज्योतीला दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

बेणं घेणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. बाजारात बहुतेक बेणं नुसतं पंजाबचं बेणं म्हणून विकलं जातं आणि घेणाराही तेवढ्यावर समाधान मानतो. यंदा दुकानदाराला वाणाचं नाव विचारा आणि ते पावतीवर लिहून घ्या. शक्य झालं तर दोन वाणांच्या चार-चार सऱ्या शेजारी लावा, वेगवेगळ्या काढा आणि दोन्हींचं एकेक पोतं अक्षय्य तृतीयेपर्यंत सावलीत ठेवून पुन्हा वजन करा. तुमच्या रानात कोणता वाण उशिरापर्यंत ठेवण्याजोगा आहे, हे त्या दोन पोत्यांवरून ठरवा.